रंगारीबाईंचं जस्त

आंधळगावच्या रंगारीबाईंच्या दोन्ही गालांवर खड्डे होते. बारीक, खोल आणि दाट. मी त्वचेची डॉक्टर. असा चेहरा समोर आला की त्याचा सगळा इतिहास मला न विचारता वाचता येतो: सोळाव्या-सतराव्या वर्षी गाठींची मुरमं, औषध नाही, आरशासमोर नखांनी फोडाफोडी, वर कुणीतरी सांगितलेला लेप. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हणाले, "बाई, हे आता लेझरनं बरंच कमी होतं. एकदा भंडाऱ्याला या, मी करून देते."

काउंटरवरची औषधं खणात लावता लावता त्या हसल्या. "राहू द्या मॅडम. हेच तं माझं सर्टिफिकेट होय."

मला तो विनोद वाटला. मीही हसले.

माझ्या चेहऱ्यावर आयुष्यात एक पुटकुळी आलेली नाही. कॉलेजात मैत्रिणी यावरून चिडायच्या. पुढे धंद्यात त्याचा उपयोगच झाला. भंडाऱ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या बाया आधी माझा चेहरा बघतात आणि मग खुर्चीत बसतात. अशी मी, एम.डी., नागपूरला शिकलेली. आणि खड्ड्यांच्या गालांची, डी.फार्म. झालेली, गावात मेडिकलचं दुकान चालवणारी पंचावन्न वर्षांची बाई. आमच्या दोघींत हेवा कुणी कुणाचा करायचा, असं विचारलं तर कुणीही सरळ उत्तर देईल. ते चुकेल. मी हे कौतुकानं लिहायला बसलेली नाही. कौतुक फार उशिरा आलं, आणि तेही पुरतं आलं का, मला ठाऊक नाही. त्याआधी काही वर्षं मी त्या बाईंचा फक्त मत्सर केला.

मी दर बुधवारी आंधळगावला जात असे. बाईंच्या दुकानामागे एक खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, एक बाक, आणि दुकान न् खोलीच्या मध्ये हिरवा पडदा. पडद्याच्या आत मी, बाहेर बाई. पेशंट आत यायचे, मी तपासायची, चिठ्ठी लिहायची, ते चिठ्ठी घेऊन बाहेर जायचे. आणि मग खरी तपासणी सुरू व्हायची.

"बाई, डॉक्टर मॅडमनं हे लिहून देलं. लावू का?"

"मॅडमनं देलं तं लाव न. इचारून कायले राहिली? बरं, काल काय जेवली ते सांग."

"भात न् लाखोळीची दाळ."

"सकाळी?"

"च्या न् टोस."

"आधी ताट सांगत जा माय, मंग तोंड दाखवत जा."

हे वाक्य मी दर बुधवारी पंधरा-वीस वेळा ऐकायची. पडदा पातळ होता. बाईंचं म्हणणं साधं होतं. कातडीला जस्त लागतं, म्हणजे झिंक. आपल्या भाता-डाळीच्या ताटात ते असतं, पण अंगी लागत नाही. "धान्यात जस्त कुलूप लावून बसलं असते," त्या सांगायच्या. "हरभरा, मूग, वाल, जे घरी असन ते रातभर भिजव, मोड येऊ दे. भिजवलं का कुलूप निघते. कोहळ्याच्या बिया फेकून देता न? भाजून खाजो. अंडं चालते घरी? मंग तं काही चिंताच नाही." एकदा एका म्हातारीनं विचारलं, "बाई, जस्ताच्या बालटीतलं पाणी पेलं तं चालन का?" सगळं दुकान हसलं. बाई हसल्या नाहीत. "नाही आजी. त्या बालटीनं आंग धू. जस्त जेवणातलंच घे." आणि पुढे लगेच, "अन् मॅडमचा मलम रोज लावजो. निऱ्या मुगानं काही होत नाही."

म्हणजे माझ्या विरुद्ध त्या कधी बोलल्या नाहीत. मला एखादं वाकडं वाक्य हवं होतं, ते त्यांनी कधीच दिलं नाही.

बाईंची एक खोड होती. औषधाच्या खोक्यात घडी करून जो कागद येतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो त्या वाचायच्या. सगळा. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर कागद पसरायचा, भिंग धरायचं आणि ओठ हलवत वाचत बसायचं. डोक्यावर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली दुकानाचं लायसन, आणि त्याखाली ही बाई भिंगात डोळा घालून बसलेली. "गावातून फार्मसी शिकाले जाणारी मी पहिली पोरगी," त्या म्हणायच्या. "माझा बाबा सांगे, पोरी, मोठी अक्षरं सगळेच वाचते. तू बारीक वाचजो." वाचून झालेले कागद त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. मी मनात म्हणायची, हिला दुसरं काम नाही.

मग रोशनीची गोष्ट झाली.

रोशनी वरठीची. वडील तिथल्या पोलादाच्या कारखान्यात. सुट्टी पाहून तिला मोटरसायकलवर मागे बसवून आणायचे. एकोणीस वर्षांची, गालभर लाल गाठी. मुरमांच्या काही पेशंटांच्या रक्तात जस्त कमी सापडतं आणि अशांना गोळ्यांचा थोडाफार फायदा होतो, हे मलाही माहीत होतं. पण बाईंसारखं ताट विचारत बसण्यापेक्षा मी रक्ताची तपासणी लिहिली. मला आकडा हवा होता. आकड्यापुढे कोणाचे मूग आणि कोणाच्या बिया! रक्त मीच काढलं आणि नागपूरला पाठवलं.

पुढच्या वेळी रिपोर्ट आला. जस्त कमी तर नव्हतंच, चांगलं वरच्या बाजूला होतं. मी मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाले, "जस्त भरपूर आहे हिच्या अंगात. ते मोडाचे मूग वगैरे बंद केले तरी चालेल."

रोशनी रिपोर्ट घेऊन बाहेर काउंटरवर गेली. थोड्या वेळानं पडदा सरकवून बाई आत आल्या. आधी पडदा मागून नीट लावला. मग रिपोर्ट उलटा करून माझ्यासमोर ठेवला आणि अगदी हळू बोलल्या, "मॅडम, मागच्या बाजूनं लिहून आहे. या तपासणीले वेगळी नळी लागते. रबरी बुचाची चालत नाही. रबरातलं जस्त रक्तात उतरते म्हणे, अन् आकडा फुगते. हिचं रक्त कोणत्या नळीत होतं?"

रबरी बुचाच्या. रोजच्याच नळीत. रिपोर्टची मागची बाजू मी आजवर कधी पाहिलीच नव्हती.

"चारचौघांत कायले बोलाचं म्हणून आत आली," त्या म्हणाल्या आणि गेल्या. चारचौघांत बोलल्या असत्या तर मला निदान रागावता आलं असतं.

बरोबर नळी मागवून रक्त पुन्हा पाठवलं. जस्त कमी निघालं. मी मलमाबरोबर ठराविक आठवड्यांसाठी गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायला सांगितल्या. तीन महिन्यांत रोशनीचा चेहरा बराच निवळला. एका बुधवारी वडील पेढे घेऊन आले. पेढे काउंटरवर उघडले, काउंटरवर वाटले. पडद्याआड एक आला. तोही बाईंनी पाठवलेला.

माझी मुलगी मुक्ता अकरावीत गेली आणि तिच्या कपाळावर, मग गालांवर मुरमं उठली. मी जे करायचं ते सगळं केलं. जेल दिलं, फेसवॉश दिला, हात लावू नको म्हणून बजावलं. जेवायला बसली की तिचा चेहरा दिव्याकडे वळवून बघायची. "रात्री लावलंस? खोटं बोलू नकोस, लावलं असतं तर असं दिसलं नसतं." काही दिवसांनी ती दिव्याखालची खुर्ची सोडून दुसरीकडे बसायला लागली. मग जेवायला माझ्याबरोबर बसेनाच.

दिवाळीच्या सुट्टीत ती एका बुधवारी म्हणाली, "घरी बोअर होतं, मी येते आंधळगावला." आली आणि दिवसभर काउंटरमागच्या स्टुलावर बसली. मी आत पेशंट तपासत होते आणि बाहेरून तिचं हसणं ऐकू येत होतं. महिनाभर मी घरात ते हसणं ऐकलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला बाईंची पाठ आणि मुक्ताचा अर्धा चेहरा दिसत होता. ती काहीतरी सांगत होती, हात हलवून, भराभर. बाई नुसतं "मंग?" म्हणत होत्या. "मंग?" यापलीकडे एक शब्द नाही. मी समोरच्या पेशंटला तोच प्रश्न दोनदा विचारला.

सुट्टी संपेपर्यंत ती दर बुधवारी आली. चेहरा सुधारायला लागला. मी दिलेलं तेच जेल ती आता लावत होती. बाईंनी सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं ठेवून धुवायचं, मग वेळ वाढवायचा. हे मी सांगितलं नव्हतं का? सांगितलंच असेल.

एका संध्याकाळी ती माझ्या खोलीपाशी येऊन दारातच उभी राहिली. "आई, मी एक क्रीम लावत होते. गोरं करणारी. मैत्रिणीनं दिलेली." हातातली ट्यूब तिनं पुढे केली. स्टेरॉइड. जिच्याबद्दल मी पेशंटना तासन् तास बजावते, ती माझ्या घरात, माझ्या मुलीच्या उशीखाली होती. "बाई म्हणाल्या, एकदम बंद करायची नाही, आईला विचारून हळूहळू सोडायची."

"तू त्यांना आधी सांगितलंस?" एवढंच मला विचारता आलं.

मुक्ता माझ्याकडे पाहत राहिली. "आई, तुला कधी एक तरी पिंपल आला होता का?"

मी तिच्या हातातून ट्यूब घेतली.

"बाई सतरा वर्षांच्या असताना ओढणीनं गाल झाकून कॉलेजात बसायच्या. एक मुलगी त्यांच्या बाकावर बसायचीच नाही. मुरमांमुळे की आणखी कशामुळे, ते म्हणे त्यांनी विचारलंच नाही."

आंधळगावला येत होते त्या सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या बुधवारी दुकान उघडायच्या आधीच मी पोचले. "माझ्या मुलीची गोष्ट, बाई. स्टेरॉइडची ट्यूब. तुम्हाला आधी कळली आणि तुम्ही मला फोनसुद्धा केला नाही?"

शटर वर ढकलत त्या म्हणाल्या, "तिनं विश्वासानं सांगतलं होतं मॅडम. मी सांगतलं असतं तं ते मलेही पुन्हा काही सांगती ना. आईले तूच सांग म्हणून आठ दिवस मागे लागली मी तिच्या. रोज फोन करे."

"रोज?"

"हाव, रोज."

म्हणजे माझी मुलगी आठ दिवस रोज त्यांच्याशी बोलत होती. बाईंना वाटलं असणार, त्यांनी मला समजावलं. मला मात्र तेवढा एकच शब्द घेऊन दिवसभर बसावं लागलं.

यानंतर मी जे केलं ते मत्सरापोटीच केलं. जवळच्या एका गावातल्या ज्युनियर कॉलेजला मुलींसाठी चेहऱ्याच्या काळजीवर कुणीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "मी दुकानदार. डॉक्टर मॅडमले बोलवा." म्हणजे माझं निमंत्रणसुद्धा त्यांच्या हातून आलेलं. मी ठरवलं, असं बोलायचं की आंधळगावच्या पंचक्रोशीत जस्त म्हटलं की माझं नाव निघालं पाहिजे. मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. जस्त सूज कशी कमी करतं, कातडी कशी भरून आणतं, कोणकोणत्या रूपात मिळतं. मुली टिपून घेत होत्या. वेळ संपत आली आणि प्राचार्य घड्याळ पाहू लागले, म्हणून शेवटचं चित्र मी गाळलं. त्यावर एवढंच होतं: जस्त सगळ्यांना लागत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, किती आणि कोणतं ते फार महत्त्वाचं. टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी इतकं बरं वाटलं.

प्राजक्ता नावाच्या मुलीनं वहीत लिहून घेतलं होतं: झिंक सल्फेट. घरी धानाची शेती. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. धानाच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात म्हणून वडिलांनी कृषी केंद्रातून खताची पिशवी आणून ठेवली होती, आणि पिशवीवर तेच नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. तिनं त्यातलं चमचाभर खत पाण्यात कालवून उपाशीपोटी घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पोटात आग, उलट्यांवर उलट्या. दोन दिवस सलाईनवर होती. वाचली.

बुधवारी तिचे वडील, हिरामणभाऊ, दुकानात आले. मी आत होते.

"कोण होय ते डॉक्टरीण? कॉलेजात पोरीयले झिंक खा म्हणून सांगून गेली ते? माझी पोरगी मरता मरता वाचली!"

"पोरगी कशी आहे आता?" बाईंचा आवाज.

"आहे घरी. पण मी त्या डॉक्टरणीले..."

"बसा भाऊ. पाणी घ्या आधी. मले एक सांगा, झिंक खा, झिंक खा, हे या गावात कोण सांगते? मीच न? दहा वर्षं झाले सांगून राहिली. कोणतं झिंक, ते पोरीयले मीच नीट सांगतलं नाही. माझी चूक होय. नाव घ्याचं तं माझं घ्या."

माझ्यासमोर एक पेशंट बसली होती, हातावरची खरूज दाखवत. मी उठून पडदा सारायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. टेबलापासून पडद्यापर्यंत चार पावलं. मी पडद्यापर्यंत गेले. कापड मुठीत धरलं. मग परत येऊन चिठ्ठी लिहिली. औषधाचं नाव चुकलं, कागद फाडला, पुन्हा लिहिली.

बाहेर हिरामणभाऊंनी पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "तुमी सांगतलं असन तं बरोबरच सांगतलं असन बाई. पोरीनंच काही उलटं ऐकलं असन." आणि राग तिथल्या तिथे विरला. चूक माझी राहिली असती तर मला गावात येणं सोडावं लागलं असतं. ती त्यांची झाली, तर चूकच उरली नाही. चुकीचंसुद्धा त्यांना पुण्य लागलं, आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बाई कॉलेजात गेल्या. खताची रिकामी पिशवी नेली होती. तिच्यावरची बारीक अक्षरं त्यांनी प्राजक्ताच्याच वर्गाकडून मोठ्यानं वाचून घेतली: फक्त शेतीच्या वापरासाठी. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. माझ्याजवळ त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. दर बुधवारी पहिल्यासारखाच चहा आत पाठवायच्या. मला वाटायचं, ही बाई माझ्यावर उपकार करून बसली आहे आणि तो वसूल कसा करायचा ते ठरवते आहे. मी असाच विचार करू शकत होते.

मुक्ता बारावीनंतर फार्मसीला गेली. मेडिकलला नाही. यावर मी काही लिहीत नाही.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. लाखांदूरला त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका आहे, तिनं नेलं. दुकान दुसऱ्या कुणी घेतलं. नागपूरहून मुक्ताचा फोन आला. "आई, तू बाईंना भेटलीस का निघताना? त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आल्या. प्राजक्ताकडेसुद्धा. हिरामणकाका रडले म्हणे. बाईंनी पुन्हा माफी मागितली त्यांची."

पुन्हा माफी मागितली. फोन ठेवल्यावर मला बसवेना.

त्या आठवड्यात मी हिरामणभाऊंच्या घरी गेले. गावतलावाच्या काठालगत घर, अंगणात नवा धान वाळत पडलेला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. कॉलेजात बोललेली डॉक्टर मी. शेवटचं सांगायचं राहून गेलं ते माझ्यामुळे. तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी आत होते आणि बाहेर आले नाही. बाईंचा यात काही दोष नव्हता.

मी शिव्यांची वाट पाहत होते.

"म्हंजे बाईची चूक नोहोतीच?"

"नव्हती."

ते घराकडे वळून ओरडले, "अवो, ऐकलं का? बाईची चूक नोहोती! मी तवाच म्हणत होतो न!" त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. दोघांच्या चेहऱ्यावर असा आनंद की सण असावा. प्राजक्तानं मला पाणी आणून दिलं. मी तिची माफी मागितली. ती लाजून म्हणाली, "मीच पिशवी पुरी वाचली नाही मॅडम." माझ्यावर रागवायला तिथे कुणाला सवडच नव्हती. निघताना हिरामणभाऊंनी नव्या तांदळाचं एक गाठोडं माझ्या गाडीत ठेवलं. "लाखांदूरले जाऊन राहिल्या न? बाईले देजा."

मी जाणार असं म्हटलंच नव्हतं. पण गाठोडं गाडीत होतं.

लाखांदूरला बाई अंगणात खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. उन्हाची तिरीप त्यांच्या गालांवर पडली होती आणि सगळे खड्डे स्पष्ट दिसत होते. "या मॅडम, या!" मी गाठोडं खाली ठेवलं आणि कुणी दिलं ते सांगितलं.

"तुमी गेल्या होत्या तिकडे?"

"हो. सांगितलं सगळं." मग धीर करून म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी आतच होते."

"हाव. पडदा हालला होता न."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी बाहेर येसान असं वाटलं मले. नाही आल्या. म्हटलं, आज नाही तं उद्या येतीन."

"दीड वर्ष लागलं मला."

"लागते मॅडम. पुटकुळी जाले तीन महिने लागते. हे तं आतलं होय."

त्यांची मुलगी चहा घेऊन आली. चाळिशीतली, नीटनेटकी, शाळेतून नुकतीच आलेली. कप ठेवून म्हणाली, "गोळी घेतली?" बाई म्हणाल्या, "घेतली." ती आत गेली. तेवढंच.

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमची मुक्ता माझ्याजवळ बसे, तवा काय बोले माहीत आहे? सारं तुमचंच. आई असं करते, आईनं असं शिकवलं, आई अशी चिडते. तासभर आईच आई. मले हेवा वाटे तुमचा." त्या खाटेच्या दोरीवर बोट फिरवत राहिल्या. "माझी पोरगी लहान होती तवा मी दुकानात राहो, दुसऱ्याच्या पोरींचं ऐकत. आता ते गोळी घेतली का एवढंच इचारते. मी म्हणते, घेतली."

चहा निवून गेला होता, तो मी तसाच प्यायले.

फाटकात दोन मुली उभ्या होत्या, चेहऱ्याला स्कार्फ बांधलेल्या, आत यावं की नाही अशा. लाखांदूरला येऊन बाईंना महिना झाला नव्हता. बाईंनी त्यांना पाहिलं आणि खाटेवर सावरून बसल्या. "याना पोरीहो, कोणी नाही, या!" मी "येते" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला.

गाडी वळवताना मला पुन्हा अंगण दिसलं. मुलींनी स्कार्फ सोडले होते, एक भराभर काहीतरी सांगत होती आणि बाई पुढे वाकून ऐकत होत्या. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्यांची मुलगी उभी होती, हातात माझा रिकामा कप, आत न जाता, आईकडे बघत. ती नजर माझ्या ओळखीची होती.